हिल होल्डरची केबल : जोडणी, जुळणी आणि चाचणी

जुन्या सुबारू गाडीचा क्लच बदलला जातो. गाडी गॅरेजमधून बाहेर येते आणि सपाट रस्त्यावर उत्तम चालते. काही दिवसांनी बॉनेट उघडले, की गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला एक बारीक केबल लोंबकळताना दिसते. ही केबल क्लचची वाटते, पण ती नसतानाही क्लच चालतो. ती ब्रेकची वाटते, पण ब्रेकही लागतो. मग ती कशासाठी आहे?

ही हिल होल्डरची केबल. ती जोडणे पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे, पण ती योग्य क्षणी काम करेल अशी जुळवणे हा या पाठाचा खरा विषय आहे. क्लच आणि ब्रेक या दोन स्वतंत्र यंत्रणांचा क्रम ही एक तार ठरवते. क्रम चुकला तर चढावर गाडी मागे येते किंवा ब्रेक लागून राहतो.

या पाठानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत : हिल होल्डरचे कार्य समजावून सांगणे, चढावर लागणाऱ्या बलाचे गणित करणे, केबल जोडणे, तिचा ताण योग्य क्रमाने जुळवणे आणि सुरक्षितपणे चाचणी घेणे.

१. पार्श्वभूमी

चढावर थांबलेली मॅन्युअल गाडी पुढे काढताना चालकाला तीन पेडल आणि दोनच पाय असतात. डावा पाय क्लचवर असतो. उजवा पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटरवर न्यायचा असतो, आणि तेवढ्या वेळात गाडीला धरणारे काहीच नसते. हँडब्रेक ओढून हे साधता येते. तसे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतातही. तरी घाटात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, अनेकांची तारांबळ उडते.

अमेरिकेतील स्टुडबेकर कंपनीने १९३६ मध्ये आपल्या गाड्यांवर ‘हिल होल्डर’ हे साधन दिले. पुढे सुबारूने १९८० आणि १९९० च्या दशकांत आपल्या अनेक मॅन्युअल गाड्यांवर याच तत्त्वाची यांत्रिक रचना वापरली. भारतात सुबारूची फॉरेस्टर ही गाडी २००० च्या दशकात काही वर्षे शेव्हरोले या नावाने विकली जात होती. या पाठात सुबारूची रचना उदाहरण म्हणून घेतली आहे. मॉडेलप्रमाणे ब्रॅकेट आणि नटांच्या जागा बदलतात, म्हणून हातातल्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल नेहमी जवळ ठेवा.

२. गाडी किती वेगाने मागे येते?

चढावर उभ्या गाडीला मागे ओढणारे बल असे :

मागे ओढणारे बल = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × साइन (चढाचा कोन)

गाडीचे वस्तुमान १३०० किग्रॅ आणि गुरुत्व त्वरण ९.८१ मी/से² धरू.

३° चढ (सुमारे ५ टक्के) : ६६७ न्यूटन
५° चढ (सुमारे ९ टक्के) : ११११ न्यूटन
१०° चढ (सुमारे १८ टक्के) : २२१५ न्यूटन

आता ५° चढावर पाय ब्रेकवरून निघून क्लच पकडेपर्यंत १ सेकंद गेला असे समजा. लोटण प्रतिरोधाचा गुणांक ०.०१२ धरला, तर मागच्या दिशेचे त्वरण सुमारे ०.७४ मी/से² येते. एका सेकंदात गाडी सुमारे ३७ सेमी मागे येते. दीड सेकंद लागला तर हेच अंतर सुमारे ८३ सेमी होते, कारण अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते. वाहतूक कोंडीत दोन गाड्यांमध्ये बहुधा एवढेच अंतर असते. त्या जागेतून एखादा माणूस रस्ता ओलांडत असू शकतो, हेही लक्षात ठेवा. हिल होल्डर सांभाळतो तो एवढाच एक-दीड सेकंद.

३. व्हॉल्व्हच्या आत काय घडते?

मास्टर सिलिंडरपासून चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळीत एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्याला प्रेशर होल्ड व्हॉल्व्ह म्हणतात. त्याच्या पोकळीत एक धातूची गोळी मोकळी असते. पोकळीच्या मागच्या टोकाला रबरी सील आणि त्यातून ब्रेक ऑइलचा मार्ग असतो. गोळी सीलवर बसली, की चाकांकडे गेलेले ऑइल परत येऊ शकत नाही आणि ब्रेकचा दाब चाकांजवळ अडकून राहतो.

गोळी सीलवर बसण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

पहिली अट चढाची. गाडीचे नाक वर असले तरच गोळी मागे घरंगळते. सपाट रस्त्यावर किंवा उतारावर ती पुढेच राहते. म्हणून फार सौम्य चढावर हिल होल्डर काम करत नाही. चाचणीसाठी सुमारे ३° किंवा त्याहून अधिक चढ लागतो. रिव्हर्सने चढ चढताना नाक खाली असते, त्यामुळे तेव्हाही हे साधन उपयोगाचे नाही.

दुसरी अट क्लचची. व्हॉल्व्हला बाहेरून एक लिव्हर असतो आणि त्याच्या दांड्यावर कॅम असतो. क्लच पेडल वर असताना रिटर्न स्प्रिंग लिव्हरला मूळ जागी धरते आणि कॅम एका छोट्या पुशरॉडने गोळीला सीलपासून दूर ठेवतो. क्लच दाबला की केबल लिव्हरला ओढते, पुशरॉड मागे सरतो आणि गोळी मोकळी होते.

म्हणजे चालकाने चढावर गाडी थांबवली, क्लच पूर्ण दाबला आणि ब्रेकवरून पाय काढला, तरी गाडी जागेवर राहते. क्लच सोडत आणला की केबल सैल होते, पुशरॉड गोळीला सीलवरून ढकलतो, दाब सुटतो आणि गाडी पुढे निघते.

इथे दोन प्रश्न नेहमी विचारले जातात.

पहिला प्रश्न : गाडी चढावर चालत असतानाच क्लच आणि ब्रेक दाबले तर गोळी मध्येच बसणार नाही का? नाही. गाडी मंदावत असताना गोळीला पुढे रेटणारे जडत्व असते. समजा व्हॉल्व्हची पोकळी ३° ने पुढे उतरती आहे आणि रस्त्याचा चढ ५° आहे. मग गोळीला मागे नेणारा उतार फक्त २° उरतो आणि त्याचे त्वरण ०.३४ मी/से² येते. गाडीचे मंदन याहून अधिक असेपर्यंत गोळी पुढेच राहते. साध्या ब्रेकिंगमध्येही मंदन याच्या कित्येक पट असते. म्हणून गाडी जवळजवळ थांबल्यावरच गोळी मागे जाते.

दुसरा प्रश्न : गोळी बसल्यावर ब्रेक आणखी जोरात दाबायचा असेल तर? दाबता येतो. मास्टर सिलिंडरकडचा दाब चाकांकडच्या दाबापेक्षा जास्त झाला की गोळी सीलवरून उचलली जाते. गोळी ऑइलला चाकांकडे जाऊ देते, फक्त परत येऊ देत नाही.

४. केबलच्या तीन अवस्था

केबल सुटलेली : रिटर्न स्प्रिंग लिव्हरला मूळ जागी धरून ठेवते. गोळी कधीच बसत नाही. ब्रेक नेहमीसारखा चालतो, फक्त चढावर गाडी धरली जात नाही. रचनाकारांनी बिघाडाची दिशा सुरक्षित ठेवली आहे. म्हणूनच केबल सुटलेली गाडी वर्षानुवर्षे तशीच चालते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र हिल होल्डरची सवय असलेल्या चालकाला ही अवस्था धोक्याची आहे, कारण तो ब्रेकवरून पाय निर्धास्तपणे काढतो.

केबल सैल : क्लच पेडल वर येऊ लागताच लिव्हर लवकर परत जातो. क्लच पकडण्याआधीच ब्रेक सुटतो आणि गाडी मागे सरकते. फारच सैल असेल तर लिव्हर पुरेसा फिरतच नाही.

केबल जादा ताठ : ब्रेक उशिरा सुटतो. क्लच पकडतो, पण चाके अजून बांधलेलीच असतात, त्यामुळे इंजिन बंद पडते. याहून ताठ केली, तर पेडल पूर्ण वर असतानाही लिव्हर ओढलेलाच राहतो. चढावर अडकलेला दाब मग गोळीला सीलवर दाबून धरतो आणि ब्रेक लागलेल्या स्थितीत गाडी चालते. ब्रेक तापतो आणि अस्तर झिजते. तिन्ही अवस्थांत ही सर्वांत वाईट.

योग्य जुळणी सैल आणि ताठ यांच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यात असते. आधी क्लच पकडू लागला पाहिजे आणि लगेच ब्रेक सुटला पाहिजे.

५. जोडण्याआधीची तयारी

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. हँडब्रेक ओढा आणि चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावा. गिअरबॉक्सवरचा क्लच रिलीज लिव्हर दिसण्यासाठी काही मॉडेलांत एअर फिल्टरची नळी काढावी लागते.

आधी क्लच ठीक करा. पेडलचा मोकळा प्रवास मॅन्युअलप्रमाणे आहे का, हे पाहा. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्यात हवा किंवा गळती नाही याची खात्री करा. केबलची जुळणी क्लच पकडण्याच्या जागेवर अवलंबून असते. ती जागा पुढे बदलणार असेल, तर आज केलेली जुळणी वाया जाईल. नवी क्लच प्लेट बसवल्यावर हिल होल्डर पुन्हा जुळवावा लागतो तो याच कारणाने.

मग केबल तपासा. आतली तार बाहेरच्या आवरणातून सहज सरकली पाहिजे. तारेचे धागे तुटलेले, तार गंजलेली किंवा आवरण मुडपलेले असेल तर केबल बदला. मुडपलेली केबल सरळ करून वापरू नका, कारण आत अडकलेली तार परत येत नाही आणि व्हॉल्व्ह सुटत नाही.

शेवटी व्हॉल्व्हचा लिव्हर बोटाने फिरवून सोडा. तो झटकन मूळ जागी आला पाहिजे. आला नाही, तर रिटर्न स्प्रिंग बदला. बिघाडाच्या वेळी सुरक्षितता देणारा भाग हाच आहे.

एक सूचना नीट लक्षात ठेवा. केबल जोडताना ब्रेकची नळी उघडावी लागत नाही. व्हॉल्व्हच आतून खराब असेल, तर तो खोलून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका. तो पूर्ण बदलावा लागतो आणि त्यानंतर ब्रेकमधली हवा काढावी लागते. ते काम अनुभवी मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करा.

६. जोडणीचा क्रम

१) केबल जुन्याच मार्गाने, जुन्याच क्लिपांतून न्या. ती एक्झॉस्टच्या जवळून जाऊ नये आणि तिला तीव्र वळण नसावे.

२) व्हॉल्व्हच्या बाजूचे टोक लिव्हरच्या खाचेत अडकवा. अडकण्याच्या जागी आणि स्प्रिंगच्या आकड्याला थोडे ग्रीस लावा.

३) बाहेरचे आवरण ब्रॅकेटमध्ये पूर्ण बसवून क्लिप लावा. सायकलच्या ब्रेकप्रमाणे इथेही तार ओढली जाते ती आवरणाचा आधार घेऊन. आवरण ब्रॅकेटमध्ये बसले नसेल, तर पेडल दाबल्यावर संपूर्ण केबल हलेल, पण लिव्हर हलणार नाही.

४) दुसऱ्या टोकाकडचे आवरण गिअरबॉक्सवरच्या ब्रॅकेटमध्ये बसवा. आतली तार क्लच रिलीज लिव्हरमधून घेऊन ॲडजस्टिंग नट आणि लॉक नट थोडे आटे चढवून ठेवा.

५) नट फिरवताना आतली तार सोबत फिरू देऊ नका. तारेचे टोक दुसऱ्या हत्याराने धरून ठेवा. पिळलेली तार नंतर उलगडते, जुळणी बदलते आणि धागेही तुटू लागतात.

६) पेडल पूर्ण वर असताना ॲडजस्टिंग नट एवढाच आवळा, की केबलचा ढिलेपणा जवळजवळ संपेल, पण व्हॉल्व्हचा लिव्हर मूळ जागेवरून हलणार नाही. ही फक्त सुरुवातीची जुळणी आहे.

७) एकाला क्लच पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही लिव्हरकडे पाहा. प्रत्येक वेळी तो फिरला पाहिजे आणि पेडल सोडल्यावर पूर्ण परत आला पाहिजे. असे दहा वेळा करा.

७. जुळणी : नेहमी ताठ बाजूने या

आता एकाच नियमाने पुढे जायचे आहे. नट आवळला की ब्रेक उशिरा सुटतो आणि नट सैल केला की ब्रेक लवकर सुटतो.

चढावर निघताना इंजिन बंद पडू पाहत असेल किंवा गाडी जखडल्यासारखी वाटत असेल, तर ब्रेक उशिरा सुटतो आहे. नट थोडा-थोडा सैल करत जा आणि प्रत्येक वेळी तपासा. गाडी सहज निघाली की थांबा.

गाडी किंचित मागे सरकून मग पुढे जात असेल, तर ब्रेक लवकर सुटतो आहे. इथे अनेक जण नट किंचित आवळतात आणि गाडी सरकणे थांबले की काम संपवतात. सुबारूची पद्धत वेगळी आहे. आधी नट एवढा आवळायचा, की ब्रेक स्पष्टपणे उशिरा सुटू लागेल. मग तिथून हळूहळू सैल करत सहज निघण्याच्या जागी यायचे.

हा वळसा कशासाठी? सैल बाजूने येताना प्रत्येक अपुऱ्या प्रयत्नात गाडी मागे घसरते. ताठ बाजूने येताना प्रत्येक अपुऱ्या प्रयत्नात फक्त इंजिन बंद पडते. शिवाय सैल बाजूने आल्यावर तुम्ही पट्ट्याच्या अगदी कडेला थांबता. केबल थोडी ताणली गेली की गाडी पुन्हा सरकू लागते. ताठ बाजूने आल्यावर तीच ताण पोटात घ्यायला थोडी जागा शिल्लक राहते. कोणतीही सुरक्षा-यंत्रणा जुळवताना कमी धोक्याच्या बाजूने मर्यादेकडे जायचे, हा नियम इथे प्रत्यक्ष दिसतो.

नट किती फिरवायचा? समजा आट्यांचे अंतर १ मिमी आहे आणि पेडलच्या १२० मिमी प्रवासात रिलीज लिव्हरचे टोक १५ मिमी हलते. म्हणजे टोकाकडचा १ मिमी पेडलच्या ८ मिमीबरोबर आहे. नटाच्या एका पूर्ण फेऱ्यात ब्रेक सुटण्याची जागा पेडलवर ८ मिमीने बदलते. चालकाच्या पायाला हा फरक मोठा आहे. म्हणून अर्धा किंवा पाव फेरा फिरवा आणि तपासा.

जुळणी झाली की लॉक नट आवळा. नंतर पेडल पूर्ण वर असताना व्हॉल्व्हचा लिव्हर मूळ जागी आहे का, हे पुन्हा पाहा. तो नसेल, तर गाडी चांगली निघत असली तरी जुळणी चूक आहे. त्या वेळी क्लच आणि केबल दोन्ही पहिल्यापासून तपासा.

८. चाचणी

चाचणीसाठी ३° हून अधिक चढाचा, वाहतूक नसलेला रस्ता निवडा. गाडीच्या मागे कोणीही आणि काहीही नसावे. चाचणीभर एक हात हँडब्रेकवर ठेवा.

पहिली चाचणी : नाक वर ठेवून ब्रेकने गाडी थांबवा. क्लच पूर्ण दाबा आणि पहिला गिअर टाका. आता ब्रेकवरून पाय हळू उचला. गाडी स्थिर राहिली पाहिजे.

दुसरी चाचणी : ॲक्सिलरेटर थोडा देत क्लच सोडत या. आधी इंजिनचा आवाज जड होईल, मग गाडी पुढे निघेल. मागे सरकणे नको आणि अडखळणेही नको.

तिसरी चाचणी बहुतेक जण विसरतात. चढावर थांबून गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि क्लच पूर्ण सोडा. आता ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी मागे सरकू लागली पाहिजे. सरकली की लगेच ब्रेक दाबा. सरकली नाही, तर व्हॉल्व्ह सुटत नाही. गाडी रस्त्यावर नेऊ नका.

चौथी चाचणी : सपाट रस्त्यावर पहिल्या चाचणीचीच कृती करा. ब्रेक अडकता कामा नये.

गाडी दुसऱ्याच्या हाती देताना हेही सांगा, की हिल होल्डर म्हणजे पार्किंग ब्रेक नव्हे. क्लचवरचा पाय निघाला की तो सुटतो. गाडीतून उतरण्याआधी हँडब्रेक ओढलाच पाहिजे.

९. आजच्या गाड्यांतील हिल होल्ड

नव्या गाड्यांत हेच काम एबीएसचे हायड्रॉलिक युनिट करते. गोळीच्या जागी त्वरणमापी संवेदक चढ ओळखतो, पुशरॉडच्या जागी सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो आणि ब्रेक केव्हा सोडायचा हे संगणक ठरवतो. बहुतेक गाड्यांत तो साधारण दोन सेकंद दाब धरतो. प्रश्न तेच आहेत : चढ आहे का, गाडी थांबली आहे का, आणि इंजिनची ओढ चाकांपर्यंत पोहोचली का? जुन्या गाडीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गोळी देते आणि तिसऱ्याचे उत्तर केबल देते. म्हणूनच ती केबल लोंबकळत ठेवायची नसते.

१०. स्वाध्याय

१) १००० किग्रॅ वस्तुमानाची गाडी ८° चढावर उभी आहे. तिला मागे ओढणारे बल काढा. लोटण प्रतिरोध दुर्लक्षित करा. (उत्तर : सुमारे १३६५ न्यूटन)

२) रिटर्न स्प्रिंग तुटली आणि केबल मात्र जोडलेली आहे. क्लच पेडल वर आल्यावर ब्रेकचे काय होईल? कारणासह लिहा.

३) उतारावर नाक खाली करून उभी असलेली गाडी रिव्हर्सने वर काढायची आहे. हिल होल्डरची मदत का होत नाही, ते गोळीची जागा दाखवणाऱ्या आकृतीने स्पष्ट करा.

४) केबल सैल बाजूने जुळवली आणि ताठ बाजूने जुळवली, तर सहा महिन्यांनंतर केबल किंचित ताणली गेल्यावर दोन्ही गाड्यांत काय फरक दिसेल?

५) प्रात्यक्षिक : सायकलच्या ब्रेकची केबल घेऊन तिचे आवरण एकदा ब्रॅकेटमध्ये बसवून आणि एकदा मोकळे ठेवून ओढा. दुसऱ्या टोकाचे विस्थापन मोजा आणि जोडणीच्या तिसऱ्या पायरीशी त्याचा संबंध लिहा.